वाचकांचे प्रश्न : जागा वाचली, तरी पिशवी का?

प्रश्न : तासगावला आमची द्राक्षबाग आहे. वडिलांना (वय ६२) मलाशयाचा कर्करोग आहे, गाठ गुदद्वारापासून ६ सेंटिमीटरवर. सांगलीत रेडिएशनचे २५ शेक झाले. शौचाची जागा वाचेल, पण काही महिने पोटावर पिशवी लागेल, असं सर्जन म्हणतात. ती टाळता येणार नाही का?

उत्तर : हट्ट धरू नका. ही पिशवी कर्करोगासाठी नसून जोडासाठी आहे. मलाशय भोवतालच्या चरबीसकट काढला की वरचं मोठं आतडं खाली ओढून स्टेपलरने जोडतात. जोड जितका खाली, तितका सुटण्याचा धोका जास्त. त्यात शेकलेली जागा.

जोड सुटतो तो मुख्यतः ताणामुळे किंवा रक्त कमी पडल्यामुळे. म्हणून प्लीहेजवळच्या वळणापासून आतडं मोकळं करून घेतात, म्हणजे ते ओटीपोटात सैल उतरतं. कापलेल्या कडेतून लालभडक रक्त येतंय ना, हे पाहतात. सोय असेल तिथे शिरेतून हिरवा रंग देऊन खास कॅमेऱ्याने रक्तपुरवठा तपासतात. जोडल्यावर स्टेपलरमध्ये निघालेल्या आतड्याच्या दोन्ही चकत्या अखंड हव्यात. मग ओटीपोटात सलाईन भरायचं, वरचं आतडं दाबून धरायचं आणि खालून हवा सोडायची. थेट सायकलच्या पंक्चरची परीक्षा! बुडबुडे आले, तर टाके घालायचे किंवा जोड नव्याने करायचा.

पण ही परीक्षा त्या दिवसापुरती. रक्त कमी पडलेली कड नंतर, बहुधा पहिल्या आठवड्यात, सुटते. लहान आतडं पोटावर काढलेलं असेल (पिशवी त्यालाच लावतात), तर जोडावरून मळ जात नाही. जोड तरीही सुटू शकतो, पण पोटभर पू होऊन पुन्हा पोट उघडण्याची वेळ सहसा टळते. नाडी वाढणं, ताप, पोट फुगणं याकडे म्हणूनच लक्ष हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातलं सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर सीटी स्कॅनचा विचार होतो.

तुमच्या हातातलं : तंबाखू, मिशरी, विडी किमान चार आठवडे आधी बंद. पिशवीची जागा ऑपरेशनआधीच बसवून, उभं करून, वाकवून पेनने आखून घ्यायला सांगा. पायजम्याची नाडी बांधतात त्याच रेषेवर आली, तर रोज गळेल.

घरी आल्यावर खरा त्रास पाणी कमी होण्याचा. पिशवीत दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त येऊ लागलं, लघवी कमी झाली, पायात गोळे आले, की डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी नुसतं पाणी ढोसल्याने पिशवी आणखी भरते, ओआरएस द्या. पहिले सहा-आठ आठवडे शेंगदाणे, मक्याचे दाणे आणि (तासगावकरांना हे जड जाईल) बेदाणेसुद्धा नकोत, पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाशी अडकतात.

पिशवी साधारण ८ ते १२ आठवड्यांनी बंद करतात, केमो बाकी असेल तर उशिरा. त्याआधी खालून औषध सोडून एक्स-रेवर जोड भरल्याची खात्री करतात. पिशवी बंद झाल्यावर काही महिने दिवसातून सहा-आठ वेळा, तीही घाईची शौचाला होऊ शकते, हे वडिलांना आत्ताच सांगून ठेवा.