यादी जरा लहान कर

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गांच्या मेच्या सुट्टीतल्या वाचनासाठी तू केलेली यादी मिळाली. सहावी ते आठवी, दर इयत्तेला पंधरा पुस्तकं, आणि प्रत्येकावर एक पानाचा बुक रिपोर्ट. दांडिया बाजारात भाजीच्या पिशव्या सांभाळत मोबाईलवर ती वाचली आणि खरं सांगते, हसूच आलं. अशीच यादी मीही केली होती. नोकरीचं पहिलं वर्ष, मिशनची शाळा, अंगात नवा उत्साह. माझी तर चाळीस पुस्तकांची होती. जूनमध्ये रिपोर्टांचा गठ्ठा टेबलावर येऊन पडला. सातवीतल्या एका मुलाने पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला होता आणि इमानदारीने शेवटची ओळही: ‘किंमत पंचवीस रुपये.’ मी त्याला सगळ्या वर्गासमोर बोलले. त्याची लाज मला अजून वाटते. त्याने निदान मागचं कव्हर वाचलं होतं. बाकीच्या निम्म्यांनी त्याची वही वाचली होती.

तेव्हा यादी कमी कर. इयत्तेला सहा-सात पुस्तकं पुरेत, आणि त्यातलं एकच वाचायचं, कुठलं ते मुलानेच ठरवायचं. तेही आवडलं नाही तर सोडून दुसरं घ्यायची मुभा हवी. आपण मोठी माणसं किती पुस्तकं अर्धी टाकतो, ते कुणी विचारत नाही. पुस्तक झेपतंय का हे बघायची जुनी युक्ती त्यांना शिकव: मधलं एक पान उघडायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं, पान संपण्याआधी मूठ वळली तर हे पुस्तक पुढच्या वर्षी.

यादीपेक्षा मोठी अडचण तुझ्या लक्षात आली नसेल, कारण ती किल्लीची आहे. मेमध्ये शाळेची लायब्ररी बंद. किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, क्लार्क गावाला. म्हणजे वाचा म्हणून सांगायचं आणि पुस्तकं कुलपात ठेवायची. ज्यांच्या घरी पैसे आहेत ते विकत आणतात, उरलेल्यांनी काय करायचं? आपण बडोद्यात राहतो म्हणून मला याचा जास्तच राग येतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळेत शिकलेलं वाचन पुढे टिकायचं तर हाताशी पुस्तक हवं, म्हणून १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले. त्यांच्या काळात खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायला लागल्या. वाचणाऱ्याने पुस्तकापर्यंत यायचं नाही, पुस्तकाने त्याच्या गावी जायचं. शंभर वर्षांपूर्वी संस्थानाला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये, असं वाटून मी एका वर्षी तीन पत्र्याच्या पेट्या घेतल्या. एक फत्तेगंजला, एक मकरपुऱ्यात, एक इथे माझ्याकडे. ज्यांच्या घरी पेटी ठेवली त्या आयांना एवढंच सांगितलं की संध्याकाळी पाच ते सात दार उघडं ठेवा आणि वहीत नाव लिहून घ्या. दर पेटीत तीसेक पुस्तकं. पहिल्या सुट्टीत सगळ्या मिळून चार हरवली. त्यातलं एक तीन वर्षांनी परत आलं, हळदीचे डाग घेऊन. हरवलेल्यांचे पैसे मात्र कुणाकडून घेऊ नकोस. एका मुलाकडून घेतलेस की दहा घरी आई म्हणेल, ‘नकोच आणू पुस्तक, फाटलं-बिटलं तर?’

शाळा सुटण्याआधी जमलं तर मुलांना मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत ने. परवानगी आधी काढ. तिथे पुस्तकांच्या मजल्यांमधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. माझी मुलं पहिली पंधरा मिनिटं पुस्तकांकडे बघायलाच तयार नव्हती. पायाखाली बघत होती. बघू द्यावं.

आता भाषेचं. तुझी यादी सगळी इंग्रजी आहे. वर्गात बघ ना कोण बसलंय: गुजराती, मराठी, मल्याळी, तमिळ, दोन-चार गोव्याकडची. मराठी घरातली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी, हिंदी, गुजराती शिकतात आणि मराठी पुस्तक हातात आलं की अडखळतात. देवनागरी येते हिंदीमुळे, पण ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च वेगळा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ‘बाळ’ वाचताना ‘बाल’ म्हणतात. त्यांना जाडं पुस्तक दिलंस तर ती दोन पानांत हरतील. पातळ दे, संवाद भरपूर असलेलं दे, आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवायला सांग. आजी च सुधारते. मिसने सुधारला की अपमान, आजीने सुधारला की गंमत. गुजराती मुलांनी गुजरातीतलं वाचलं, केरळला जाणाऱ्या गाडीत दीड दिवस बसून एखादीने मल्याळममधलं वाचलं, तरी तेही धरायचं. तुला ती भाषा येत नसली म्हणून बिघडत नाही. उलट तिने तुला गोष्ट सांगायची, तुला खरोखरच माहीत नसते.

मुलं मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात म्हणून मागे तू चिडली होतीस. तुमच्या मिशनच्या शाळेत सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने गोव्यात बसून मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा लिहिली, हजारो ओव्या. ती १६१६ मध्ये छापली गेली ती रोमन लिपीतच. आठवीला एवढं सांग आणि दोन ओव्या वाचून दाखव. पुस्तक यादीत घालू नकोस, ते मोठ्यांनाही जड जातं.

ख्रिस्ती शाळेची म्हणून सुट्टीची यादी कशी असावी, हा तुझा खरा प्रश्न. सिस्टरना, म्हणजे शाळेतल्या नन्सना, संतांची चरित्रं हवीत. काही पालक विचारतात, ‘धर्माचं काही नाही ना?’ दोन्हीकडून तुझी ओढाताण होणार. मी घरी देव्हाऱ्यात दिवा लावून निघायची आणि असेंब्लीत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायची, त्यामुळे मला दोघांचंही कळतं. माझं मत एवढंच की शिकवण ठासून भरलेली पुस्तकं मुलांना दुरून ओळखू येतात. पहिल्याच पानावर ‘सोनू खूप खोटं बोलत असे’ असं आलं की सोनूचं पुढे काय होणार ते सहावीतल्या पोराला ठाऊक असतं. पुढची चौदा पानं त्याने का वाचावी?

त्यापेक्षा लक्ष्मीबाई टिळक घे. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते ३६ या काळात भागाभागाने आलं. अख्खं पुस्तक बारा वर्षांच्या मुलांसाठी नाही, पण वडिलांच्या कडक सोवळ्याची पानं, अकराव्या वर्षी झालेलं लग्न, नवऱ्याने शिकवलेलं लिहिणं-वाचणं, हे तू वर्गात वाचून दाखवलंस तर मुलं पोट धरून हसतील आणि मध्येच गप्प होतील. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या बाईवर काय ओढवलं ते त्यात आहेच, पण ती कुणाला पटवायला बसलेली नाही. सिस्टरही खूश, पालकांचीही तक्रार नाही. निदान माझ्या वेळी आली नव्हती.

आणि बायबलमधलं एक प्रकरण घे, लूकचं पंधरावं. मराठीतून. माझ्या वर्गात येशूच्या त्या बोधकथेचं नाव, ‘उधळ्या पुत्राचा दाखला’, म्हटल्यावर एकीने विचारलं होतं, ‘दाखला म्हणजे लिव्हिंग सर्टिफिकेट ना, मिस?’ मागून एक गुजराती मुलगा म्हणाला, ‘नाही, गणिताचा!’ गुजरातीत उदाहरण सोडवायला देतात त्याला दाखला म्हणतात. मला वाटतं तो जास्त बरोबर होता. या गोष्टीत धाकटा वाटणी मागून निघून जातो, पैसे उडवतो, डुकरं राखतो, परत येतो, बाप मेजवानी घालतो. मुलांना वाटतं इथे संपली. मग शेतावरून थोरला येतो. घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतोय, आणि त्याला हे चाकराकडून कळतं. तो आत जात नाही. बाप बाहेर येऊन समजूत घालतो. हा म्हणतो, मी इतकी वर्षं राबलो, मला मित्रांबरोबर मजा करायला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस. बाप उत्तर देतो आणि प्रकरण संपतं. थोरला आत गेला की नाही, लूकने लिहिलेलंच नाही.

सुट्टीसाठी मी एवढाच प्रश्न दिला होता: तो आत गेला का? रिपोर्ट नाही, पान नाही, जूनमध्ये येऊन तोंडी सांगायचं. मुलं घरी भांडली. एका आईने मला बाजारात अडवून सांगितलं की ह्यांचा मोठा भाऊ असाच बाहेर उभा आहे, अकरा वर्षं झाली, बोलत नाहीत. मी काय बोलणार? कोथिंबीर घेतली आणि निघाले. जूनमध्ये एका शांत पोराने, जो एरवी तोंड उघडायचा नाही, सांगितलं, ‘मिस, तो आत गेला असता. पण गाणं सुरू करायच्या आधी त्याला शेतावर बोलवायला कुणी गेलं नाही.’ इतकी वर्षं मी ते प्रकरण शिकवत होते. माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून बुक रिपोर्ट काढून टाक. पाहिजे असेल तर ऐकणारं माणूस नेमून दे. पुस्तक घेताना वहीत दोन रकाने: पुस्तकाचं नाव, आणि कुणाला सांगणार. आजोबा, शेजारची ताई, रिक्षावाले काका, कुणीही. स्टीव्हन्सनची ती खजिन्याच्या बेटाची कादंबरी, ‘ट्रेझर आयलंड’, १८८१च्या सुट्टीतली आहे. स्कॉटलंडमध्ये बाहेर पाऊस, घरात त्याच्या बायकोच्या आधीच्या लग्नाचा लहान मुलगा, दोघांनी मिळून एका बेटाचा नकाशा रंगवला. मग तो रोज एकेक प्रकरण लिहून घरच्यांना वाचून दाखवायचा. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना इतका चेव चढला की समुद्री चाच्याच्या पेटीत काय काय सापडावं याची यादी त्यांनीच करून दिली. आठवीच्या यादीत हे पुस्तक ठेव, संक्षिप्त मराठी चालेल. आणि आतला नकाशा कुणी फाडून नेला तर ओरडू नकोस.

बाकी किरकोळ. सहावीला प्राणी आणि विनोद, आठवीला भूत आणि मरण. हे उलटं करू नकोस. इंग्रजी कॉमिक्स यादीत नाहीत, तीही घाल. सिस्टरना यादी दाखवायला जाताना दुपारी दोनला जाऊ नकोस, सकाळी असेंब्लीनंतर जा. त्यांचा मूड बरा असतो.

माझ्या माळ्यावर दोन पेट्या अजून आहेत. रविवारी ये, पण अकराच्या आत, नंतर ऊन फार लागतं. रिक्षा घेऊनच ये. एका पेटीची कडी ढिली आहे, येताना सुतळी आण. आत काही पुस्तकं असतील. चाळून बघ, कुठली ठेवायची ते तूच ठरव. हळदीचे डाग असलेलं एक आहे, ते मात्र माझ्यासाठी बाजूला काढ.

तुझी,
मिस