लहानपणी अर्धवट राहिलेलं कार्टून पुढे चित्रपट काढून पूर्ण केलं, तर तो चित्रपट बघावा की आठवणींवरच भागवावं?

बघावा. फक्त त्याआधी मूळ मालिकेचे चार-पाच भाग पुन्हा बघून घ्या, नाहीतर चित्रपट सपाट वाटेल.

तुम्ही कुठल्या कार्टूनबद्दल विचारताय ते लिहिलेलं नाही, त्यामुळे मी माझ्यापुरतं सांगते. माझं अर्धवट राहिलेलं कार्टून म्हणजे निकलोडियनवरचं ‘हे अर्नॉल्ड!’. डोरेमॉन-शिनचॅनवर वाढलेल्यांना ते माहीत असण्याची शक्यता कमी, म्हणून थोडक्यात ओळख. हिलवूड नावाचं काल्पनिक अमेरिकन शहर. तिथे चौथीत शिकणारा अर्नॉल्ड, डोकं आडव्या फुटबॉलसारखं (त्यांचा फुटबॉल, आपला गोल नव्हे). तो आजी-आजोबांकडे राहतो. आई-बाबा नाहीत. तो तान्हा असताना ते विमानाने एका दूरच्या देशात कुणाच्या तरी मदतीला गेले आणि परत आलेच नाहीत. १९९६ ते २००४, ५ सीझन, १०० भाग. आणि या सगळ्यात आई-बाबांचं पुढे काय झालं, हे शेवटपर्यंत सांगितलंच नाही. ते कळायला २०१७ उजाडलं.

मी नागपूरच्या महाल भागात वाढले, गांधी गेटजवळच्या एका गल्लीत, आजोबांच्या वाड्यात. पुढे आम्ही, मागे आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाडं. नळ एक, जिना एक. भाडं थकलं की आजोबा आजीला सांगणार, आजी मागच्या काकूंना सांगणार, काकू हसून भाजीचा विषय काढणार. दुपारी शाळेतून आलो की मी आणि ताई कूलरसमोर बसून टीव्ही लावायचो. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, उरलेलं आम्ही आमच्या मनाने जुळवायचो. बिऱ्हाडांतली पोरंही येऊन बसायची. ऐन रंगात आलं की भारनियमन.

बाकीच्या अमेरिकन कार्टूनमधली घरं आम्हाला कधी आपली वाटली नाहीत. हिरवळ, गॅरेज, एका घरात एकच कुटुंब. अर्नॉल्डचं घर मात्र आमच्या वाड्याची सख्खी बहीण होती. त्याचे आजोबा फिल खोल्या भाड्याने देतात. ऑस्कर कोकोश्का नावाचा भाडेकरू भाडं बुडवण्यात पटाईत. पुढे एका भागात कळतं की त्याला वाचताच येत नाही, आणि चौथीतला पोरगा त्याला अक्षरं शिकवायला बसतो. दुसरा भाडेकरू अर्नी पॉट्स इमारती पाडायचं काम करतो. आजी रोज नवीन सोंग घेते आणि नातवाला भलत्याच नावांनी हाक मारते. आजोबांचा आयुष्यभराचा सल्ला एकच: रासबेरी खाऊ नकोस. उन्हाळ्याच्या लाटेने अख्खं हिलवूड चिडचिडं होतं असाही एक भाग आहे. तो आम्ही मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना बघितला. ताई म्हणाली, ‘‘एवढ्याशा गरमीत काऊन बोंबलून राह्यले बे हे?’’

या कार्टूनचा कर्ता क्रेग बार्टलेट. अर्नॉल्ड त्याने आधी मातीचा केला होता, क्ले अॅनिमेशनच्या छोट्या फिल्मसाठी, १९८८मध्ये. मालिका आली ती नंतर. लहान मुलांचे आवाज खऱ्या लहान मुलांनी दिलेले, त्यामुळे आवाज फुटला की नवीन पोरगा आणावा लागायचा आणि अर्नॉल्डचा आवाज मधूनच बदलायचा. आम्हाला वाटायचं केबलवाल्याचा काहीतरी घोळ आहे. जिम लँगचं जॅझ संगीत तेव्हा नुसतं ‘ते रात्रीचं म्युझिक’ होतं. आता ऐकलं तर लक्षात येतं, लहान मुलांच्या कार्यक्रमाला इतकं संथ, उदास संगीत द्यायला हिंमत लागते.

हिंमत नुसती संगीतापुरती नव्हती. पहिल्याच सीझनमधला ख्रिसमसचा भाग घ्या. भाडेकरूंमधले मिस्टर ह्यून मूळचे व्हिएतनामचे. युद्धाच्या शेवटी सैगॉनमधून माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढत होते, तेव्हा जागा नव्हती म्हणून त्यांनी आपली तान्ही मुलगी एका सैनिकाच्या हातात दिली. सैनिकाने शहराचं नाव ओरडून सांगितलं. ह्यूनना तो देश सोडायला वीस वर्षं लागली, आणि ते त्या शहरात येऊन राहिले, मुलगी भेटेल या आशेवर. अर्नॉल्ड तिचा शोध घ्यायला सरकारी कार्यालयात जातो. तिथला कारकून म्हणतो, आधी माझी ख्रिसमसची यादी पूर्ण करा. यादीतले शेवटचे बूट कुठेच मिळत नाहीत. नेमके तेच बूट अर्नॉल्डच्या वर्गातल्या हेल्गाला घरून भेट मिळालेले असतात. ती ते कारकुनाला देऊन टाकते, मुलगी सापडते, आणि हे कोणी केलं ते अर्नॉल्डला कधीच कळत नाही. दहा वर्षांची असताना मी या भागात बुटांसाठी हळहळले होते. आता बघताना मी ह्यूनच्या चेहऱ्यावरून नजर काढू शकले नाही.

हेल्गा म्हणजे हेल्गा पटाकी. एकच सलग भुवई, गुलाबी रिबन, दिवसभर अर्नॉल्डला छळायचं आणि लपवलेल्या लॉकेटमध्ये त्याचा फोटो ठेवून एकांतात त्याच्यावर कविता करायच्या. घरी बाप पेजर विकण्यात गुंग, आई आपल्याच तंद्रीत, आणि मोठी बहीण ओल्गा सगळ्यात पहिली. माझी ताई दहावीला मेरिट लिस्टमध्ये आली, तेव्हा पेढे वाटत फिरणाऱ्या धाकट्या बहिणीची मनःस्थिती काय होती, हे हेल्गाला बरोबर कळलं असतं. १९९९च्या ‘हेल्गा ऑन द काउच’ या भागात ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. बालवाडीच्या पहिल्या दिवशी ओल्गाच्या पियानोच्या कौतुकात हिला शाळेत सोडायचंच घरचे विसरतात. ती चिखलातून, पावसातून एकटी चालत जाते, आणि दारात एक मुलगा तिच्यावर छत्री धरून म्हणतो, तुझी रिबन छान आहे. पुढचं सगळं प्रेम तिथून आलेलं. कार्टूनमध्ये एखाद्या मुलीच्या रागाचं कारण इतकं नीट दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता अर्धवट राहिल्याची गोष्ट. २०००मध्ये ‘पेरेंट्स डे’ नावाचा भाग आला, त्यात आजोबा पहिल्यांदा अर्नॉल्डला त्याच्या आई-बाबांबद्दल सांगतात. २००२मध्ये ‘द जर्नल’ आला. अर्नॉल्डला वडिलांची डायरी सापडते. ते दोघं सॅन लोरेन्झो नावाच्या देशात डोंगरातल्या हिरव्या डोळ्यांच्या लोकांना एका झोपेच्या आजारातून वाचवायला गेले होते, हे कळतं. डायरीच्या शेवटी नकाशा. पुढचं जंगलावरच्या चित्रपटात येणार होतं. पण त्याच वर्षी आधी दुसराच एक चित्रपट थिएटरात आला, तो मुळात टीव्हीसाठी केलेला होता आणि तिकीटबारीवर फारसा चालला नाही. जंगलाचा बेत बारगळला, आणि बार्टलेटही निकलोडियनमधून बाहेर पडला.

त्या पडलेल्या चित्रपटाबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. त्यात एक बिल्डर अर्नॉल्डची अख्खी वस्ती पाडून मॉल बांधायला निघतो, आणि ऐनवेळी ती वस्ती ऐतिहासिक असल्याचा जुना कागद सापडून सगळं वाचतं. चित्रपट म्हणून यथातथाच आहे. आमचा वाडा पुढे फ्लॅट स्कीममध्ये गेला. जुने कागद आमच्याकडेही पुष्कळ निघाले, पण ते सगळे वाटण्यांचे होते, आणि सह्या आजोबांच्या मुलांनीच केल्या.

तर ‘हे अर्नॉल्ड! द जंगल मूव्ही’. २४ नोव्हेंबर २०१७ रोजी अमेरिकेत टीव्हीवर आला. मी बराच उशिरा बघितला, दिवाळीला ताई माहेरी आली होती तेव्हा, लॅपटॉपवर, मध्ये तिची मुलगी. (भाचीचा पहिला प्रश्न: ‘‘याचं डोकं कोणी दाबलं?’’) इथून पुढे मी शेवट फोडणार आहे, नको असेल तर शेवटच्या दोन परिच्छेदांवर जा.

अर्नॉल्डचा वर्ग सॅन लोरेन्झोच्या सहलीला जातो. सहल म्हणजे नकाशा मिळवण्यासाठी ला सोम्ब्रा नावाच्या गुन्हेगाराने लावलेला सापळा असतो. जंगलाच्या पोटात हिरव्या डोळ्यांच्या लोकांचं लपलेलं शहर सापडतं, आणि त्या शहरात नुसती मुलंच. मोठी माणसं सगळी झोपलेली, आजाराने. त्यांच्यात अर्नॉल्डचे आई-बाबाही, इतकी वर्षं. त्यांना उठवायचं यंत्र चालू करायला पवित्र हृदयाची मूर्ती लागते आणि ती तर दरीत गेलेली. मग हेल्गा तिचं लॉकेट काढून देते. तेही सोन्याचं, तेही हृदयाच्या आकाराचं, आणि आत अर्नॉल्डचा फोटो.

इथे ताई आणि मी एकमेकींकडे बघितलं. ज्या लॉकेटचा कुणाला पत्ता लागू नये म्हणून ती शंभर भाग धडपडली, ते सगळ्यांदेखत, त्याच्यासाठीच. हे कोणी वीस वर्षं आधी ठरवून ठेवलं असेल की नंतर सुचलं असेल, मला फरक पडत नाही. शिवाय हेल्गाचा आवाज तोच आहे. फ्रान्सेस्का मेरी स्मिथ १९९६मध्ये लहान मुलगी म्हणून हेल्गा बोलायची, २०१७मध्ये मोठी बाई म्हणून पुन्हा तीच आली. अर्नॉल्डला मात्र नवीन पोरगा लागलाच.

बाकी जंगलातलं सगळं, सापळे, कडे, पाठलाग, हे कुठल्याही साहसपटात असतं तितपतच. गंमत एवढीच की गोष्टीत जेमतेम एक वर्ष गेलंय आणि आपल्या जगात पंधरा, त्यामुळे सगळ्यांच्या हातात अचानक स्मार्टफोन. हेल्गाच्या बापाचा पेजरचा धंदा अर्थातच बुडालेला. हा विनोद मला फार आवडला; भाचीला पेजर म्हणजे काय ते समजावण्यात मात्र आम्ही पुढची दोन मिनिटं घालवली.

माझं मन जिथे अडकलं ती जागा वेगळी आहे. अर्नॉल्डचे वडील माइल्स म्हणजे आजोबा फिलचा मुलगा. ही गोष्ट लहानपणी मला कधी सुचलीच नव्हती. आमच्यासाठी ती आई-बाबा नसलेल्या मुलाची गोष्ट होती. चित्रपटाची तयारी म्हणून आम्ही ‘पेरेंट्स डे’ आणि ‘द जर्नल’ पुन्हा लावले, तर समोर एक म्हातारा माणूस नातवाला त्याच्या बापाच्या पराक्रमाच्या गोष्टी रंगवून रंगवून सांगतोय, विनोद करतोय, आणि स्वतःचा मुलगा गेला याबद्दल एक अक्षर बोलत नाहीये. भाडी वसूल करायची, जेवणं घालायची, नातवाला शाळेत पाठवायचं, आणि रासबेरी खाऊ नको म्हणायचं. चित्रपट अर्नॉल्डच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पूर्ण देतो, दोन्ही पालक हसत-चालत घरी आणतो. फिलच्या वाट्याला येतं ते जाता जाता. सव्वा-दीड तासात जंगल, खलनायक, आजार, प्रेम सगळं बसवायचं तर म्हातारा-म्हातारीला जागा कुठून मिळणार, हे मला समजतं. तरी मला जंगल थोडं कमी आणि ते जेवणाचं टेबल थोडं जास्त चाललं असतं. भाडेकरूंनाही दोन-चार वाक्यांच्या वर काही नाही, आणि अर्नॉल्ड ज्या शहाणपणाने सगळ्यांचे गुंते सोडवायचा ते त्या टेबलावरच तर आलं होतं.

म्हणून सुरुवातीला म्हटलं ते पुन्हा, जरा तपशिलात. तुमचं कार्टून दुसरं असेल तर त्याचे जुने भाग तुम्हीच निवडा. हेच असेल तर आधी ख्रिसमसचा भाग बघा, मग ‘हेल्गा ऑन द काउच’, मग ‘पेरेंट्स डे’ आणि ‘द जर्नल’, आणि लगेच चित्रपट. २००२चा चित्रपट सोडला तरी चालेल, महालात वाढला असाल तर सोडू नका. एकट्याने बघू नका. लहानपणी ज्याच्यासोबत बघायचात त्याला धरून आणा, कारण तुम्ही विसरलेलं निम्मं त्याला आठवत असतं. ताईला ऑस्करच्या बायकोचं नावसुद्धा पाठ होतं. आणि घरातल्या लहान मुलाला बसवायचंच असेल तर चित्रपटाऐवजी मालिकेच्या एखाद्या सुट्या भागाने सुरुवात करा. भाची जंगलात पेंगली, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून ऑस्करचा वाचायला शिकण्याचा भाग मागून घेतला.

एक धागा अजूनही सुटाच आहे. ‘द पटाकीज’ नावाने हेल्गाच्या घरावर वेगळी मालिका करायची कल्पना बार्टलेटची होती, हेल्गा जरा मोठी झाल्यानंतरची; ती कागदावरच राहिली. कधी निघालीच तर आम्ही दोघी नक्की बघू. ताईने आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी ती ओल्गाच्या बाजूने बसणार.