एमडी करून युद्धग्रस्त देशात वैद्यकीय सेवेला जावं का? त्यानं करिअर मागे पडतं का?

पडतं. मी सोलापूरचा बालरोगतज्ज्ञ. परत आलो तेव्हा निम्मी ओपीडी दुसरीकडे वळली होती.

एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय मदत संस्थेतर्फे दक्षिण सुदानात बेंटियूला होतो. २०१३ च्या अखेरीस यादवी पेटल्यावर लोक यूएनच्या आवारात शिरले आणि तिथेच राहिले, ती छावणी. पावसाळ्यात फाल्सिपेरमची, म्हणजे जीवघेण्या मलेरियाची लाट येते. त्यावरचं औषध आर्टेसुनेट हाताशी असतं, अडतं ते रक्तापाशी. मलेरियानं हिमोग्लोबिन तीनवर आलेलं, पोर धापा टाकतंय. सोलापुरात आपण ब्लड बँकेची चिठ्ठी लिहितो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. तिथे दाता नातेवाइकांतूनच शोधायचा, एचआयव्ही-हिपॅटायटिसच्या रॅपिड टेस्ट करायच्या, मग क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते बघायचं. एका पोराचा बाप ठाम नाही म्हणाला. आधीच अंगात ताकद नाही, त्यात रक्त कसलं काढता? मी दुभाषामार्फत समजावत बसलो. तिथल्याच एका नर्सनं मला काही न विचारता बापाच्या थोरल्या भावाला गाठून आणलं. त्या घरात शब्द त्याचा चालतो, हे तिला ठाऊक. तो काही न बोलता बाही सरसावून बसला. पोर वाचलं. परदेशी डॉक्टर येऊन जीव वाचवतो वगैरे डोक्यातून काढा, वॉर्ड तिथलीच माणसं चालवतात.

आमचे दादा सर्जन, स्वतःचं हॉस्पिटल. दर दिवाळीला एकच प्रश्न : "अक्कलकोट-मंगळवेढ्यातले पेशंट संपले का रे?" दादा, तुम्ही अक्कलकोटला जाता ते स्वामींच्या दर्शनाला. तिथे एक दिवस तरी ओपीडी केलीत? आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धात सापडलेल्या चीनला सेवेसाठी गेले तेव्हाही सोलापुरात आजारी माणसं होतीच की. त्यांच्या कार्यक्रमाला मात्र दादा पहिल्या रांगेत! यावर त्यांचं उत्तर तयार असतं : "ते परत आले नाहीत." खरंय, १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. पण आजाराने गेले, आणि आजार सोलापुरातही गाठतो.

हां, जोखीम आहे. गोळीबार झाला की बंकरमध्ये बसावं लागतं. पगार मिळतो, पण हॉस्पिटलच्या कर्जाचा हप्ता त्यातून निघणार नाही. पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. पहिली नेमणूक बहुधा नऊ महिने ते वर्षभराची. सर्जन, भूलतज्ज्ञांना कमी मुदतीचीही मिळते. आणि एमडीच्या बाँडची सक्तीची सरकारी सेवा बाकी असेल तर आधी ती उरका.