लाँचरला बसवलेला गेम दिसत नसेल तर

लाँचरमध्ये, म्हणजे स्टीम किंवा एपिकसारख्या गेम उतरवून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गेमसमोर पुन्हा ‘इन्स्टॉल’ हे बटण दिसू लागले, म्हणून साठ-सत्तर जीबी नव्याने उतरवण्याची घाई करू नका, कारण बहुतेक वेळा फाइली जागेवरच असतात आणि लाँचरकडे फक्त त्यांचा पत्ता उरलेला नसतो. नाशिकरोडहून सिडकोत घर हलवल्यावर माझ्या बाहेरच्या डिस्कला विंडोजने ‘ई’ऐवजी ‘एफ’ हे अक्षर दिले आणि सगळे गेम गायब झाले. विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनात जुने अक्षर परत देताच ते जसेच्या तसे दिसू लागले. तेव्हा पहिली तपासणी अक्षराची करावी.

स्टीममध्ये गेमच्या फाइली ‘स्टीमॲप्स’मधील ‘कॉमन’ या फोल्डरात असतात, परंतु गेम बसवलेला आहे की नाही, हे ‘कॉमन’च्या बाहेर ठेवलेल्या, जेमतेम काही केबींच्या ‘ॲपमॅनिफेस्ट’ फाइलीवरून ठरते; डोटा २ च्या अशा फाइलीच्या नावात ५७० हा क्रमांक असतो. ही फाइल शाबूत असेल, तर सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’मध्ये तो ड्राइव्ह जोडणे पुरते. ती नसेल, तर गेमच्या फोल्डरचे नाव मुळीच न बदलता त्याच ड्राइव्हवर ‘इन्स्टॉल’ दाबावे. स्टीम आधीच्या फाइली ताडून पाहते आणि उणा असलेला भागच उतरवते.

एपिकच्या लाँचरमध्ये प्रकार थोडा किचकट आहे. तेथे जुन्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलावे, इन्स्टॉल सुरू करून एक-दोन टक्क्यांवर थांबवावे, लाँचर बंद करावा, जुन्या फाइली नव्या फोल्डरात हलवाव्यात आणि मग काम पुढे चालू करावे.