होल्डर तापतो कुठे? वाचकांचे प्रश्न, कारखान्याची उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न वेल्डिंगच्या हातातल्या होल्डरबद्दल, म्हणजे रॉड धरून त्याला केबलमधून प्रवाह देणाऱ्या चिमट्याबद्दल आहेत, म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला आहे. प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

१२०–१३० अँपिअरवर दहा नंबरचा (३.१५ मिमीचा) रॉड चालवतो. जुना होल्डर तापायचा म्हणून ४०० अँपिअरचा नवा घेतला, केबल तीच २५ चौरस मिमीची ठेवली. नवा होल्डर जुन्यापेक्षा जास्त तापतो. आता ६०० चा घ्यावा का? (फॅब्रिकेशन शेड, भोसरी)

नका घेऊ. तो आणखी तापेल.

होल्डरवरचा आकडा म्हणजे त्याला योग्य जाडीची केबल नीट बसवली आणि योग्य जाडीचा रॉड धरला, तर तो किती प्रवाह सोसेल एवढेच. हातात धरायच्या होल्डरसाठी आयईसी ६०९७४-११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार २०० अँपिअरच्या होल्डरला २५ ते ३५ चौरस मिमीची केबल आणि २.५ ते ४ मिमीचा रॉड, ३०० ला ५० ते ७०, आणि ४०० ला ७० ते ९५ चौरस मिमीची केबल आणि ५ मिमीपासून पुढचे रॉड, अशी जोडी धरलेली असते. तुमच्या ४०० च्या होल्डरचे मागचे भोक ७० च्या केबलसाठी आहे. त्यात २५ ची केबल सैल बसते. ग्रब स्क्रू (केबल दाबून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की त्याचे टोक तारांच्या जुडग्यात घुसते, काही तारा तुटतात, बाकीच्या बाजूला सरकतात, आणि सगळा प्रवाह मोजक्या तारांतून जातो. पुढच्या टोकाला तीच गत. जाड रॉडसाठी खोल कोरलेल्या खाचेत ३.१५ चा रॉड तळाशी हलत राहतो.

उष्णतेचा हिशेब असा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. होल्डरमधल्या सगळ्या सांध्यांचा मिळून रोध ०.३ मिलिओहम असेल तर १३० अँपिअरला साधारण ५ वॅट उष्णता होते. तोच २ मिलिओहम झाला की ३४ वॅट. बारक्या कामाच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता तुम्ही मुठीत धरून बसलात असे समजा.

इलाज: २०० अँपिअरचा होल्डर, ३५ ची तांब्याची केबल. केबलचे टोक भोकाच्या खोलीइतकेच, म्हणजे बहुधा २५ ते ३० मिमी सोला. तांबे काळे पडलेले असेल तर ५–७ सेंमी कापून चकचकीत तार दिसेपर्यंत मागे या, काळ्या तारेवर कितीही आवळले तरी उपयोग नाही. मग टोकावर पातळ तांब्याच्या पत्र्याचे दोन वेढे किंवा तांब्याची नळी दाबून बसवा, म्हणजे स्क्रू तारांवर न टेकता पत्र्यावर टेकेल. पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर होल्डर गार करून स्क्रू पुन्हा आवळा. तापून-गार होऊन तारा बसतात आणि आवळलेला स्क्रू सैल पडतो. हे दुसऱ्यांदा आवळणे जवळपास कुणीच करत नाही. टोक शिशाने डाखवण्याची पद्धत आहे, ती टाळा. डाख दाबाखाली हळूहळू सरकतो आणि १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. सांधा बिघडला की सगळ्यात आधी तोच वाहून जातो.

केबल विकत घेताना तार खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे ३५ ची म्हणून घेतलेली केबल कामाला २२–२३ चीच.

होल्डर तापतो हे हाताला कळते, पण नेमका कोणता सांधा खराब आहे हे मुलांना मोजून कसे दाखवावे? आमच्याकडे मिलिओहम मीटर नाही. (आयटीआय निदेशक, सांगली)

मिलिओहम मीटरची गरज नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब आणि २०० मिलिव्होल्टची रेंज असलेला साधा मल्टिमीटर पुरे.

होल्डर केबलसकट मशीनपासून पूर्ण सोडवा. जबड्यात नवा, टोक साफ केलेला रॉड धरा. बॅटरीचे एक टोक बल्बमधून केबलच्या लगला (मशीनकडच्या टोकावरच्या जोडणीला), दुसरे रॉडच्या उघड्या टोकाला. बल्ब पेटला की या साखळीतून साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. आता मीटरच्या सळ्या टोकाटोकाला लावून मिलिव्होल्ट वाचा: आधी केबलची तार ते होल्डरचे अंग, मग अंग ते खालचा जबडा, मग जबडा ते रॉड. साडेचार मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिओहम, हा सोपा हिशेब. सळ्या बॅटरीच्या चिमट्यांवर टेकवू नका, नाहीतर चिमट्याचा रोधही मोजला जाईल. बल्ब मात्र साखळीत हवाच. तो काढून थेट बॅटरी जोडली तर तारा लाल होतील.

असाच एक नवा चांगला होल्डर आधी मोजून त्याचे आकडे फळ्यावर लिहून ठेवा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहा. बहुतेक वेळा अंग ते जबडा हे वाचन नगण्य निघेल. दोष मागे केबलशी असतो, नाहीतर पुढे रॉडशी.

रॉडशी असेल तर कारणे ठरलेली आहेत. उघडे टोक न धरता मसाल्यावरच (रॉडवरच्या लेपावरच) जबडा लावला, की खाचेत भुकटी साठते. गंजलेले टोक तसेच धरले. आणि तिसरे, सगळ्यात वाईट: रॉड कामाला चिकटला की लिव्हर दाबून सोडून द्यायचा. त्या क्षणी शॉर्ट सर्किटचा प्रवाह चालू असतो, त्यामुळे ठिणगी जबड्यातच पडते आणि खाचेला खड्डा पडतो. मनगटाला झटका देऊन रॉड मोडून घ्यावा. निघत नसेल तर मशीन बंद करून मग लिव्हर दाबावी. पडलेले खड्डे बारीक कानसीने घासून खाच पुन्हा सपाट करता येते, पण प्रत्येक घासणीला खाच खोल होते. त्याचा परिणाम पुढच्या उत्तरात आहे.

आमची पितळेची छोटी ओतशाळा आहे. २०० अँपिअरचे होल्डर बनवायचा विचार आहे. पितळेऐवजी शुद्ध तांबे वापरले तर माल सरस होईल का? आणखी काय पाहावे? (लघुउद्योजक, कोल्हापूर)

तांब्यावर पैसे घालू नका. ६०/४० पितळेची वाहकता तांब्याच्या साधारण २८ टक्के आहे हे खरे, पण होल्डरचे अंग आखूड आणि जाड असते. १०० मिमी लांब आणि १५० चौरस मिमी काटछेदाच्या पितळी अंगाचा रोध निघतो सुमारे ०.०४ मिलिओहम. २०० अँपिअरला त्यात दोन वॅटसुद्धा उष्णता होत नाही. एक सैल सांधा याच्या वीसपट उष्णता देतो. शिवाय शुद्ध तांबे ओतताना वायूची छिद्रे पडतात, ती टाळायला फॉस्फरस घातला की वाहकता पुन्हा घसरते. पितळ भंगारातले असेल तर त्यातले लोखंड मात्र काढा. बाजारात लोखंडी जबड्यावर तांब्याचा मुलामा दिलेले होल्डरही मिळतात. खिशातले लोहचुंबक लावले की कळते. तुमच्या गिऱ्हाइकालाही ही युक्ती सांगा, तुमचाच माल खपेल.

वाचलेले पैसे खाचेच्या यंत्रकामावर घाला. ओतीव खाच तशीच विकू नका, ती मिलिंगवर काढा. ९० अंशांची व्ही खाच दोन्ही जबड्यांत असेल तर खोलीचे गणित पक्के आहे. २.५ मिमीचा रॉड घट्ट धरायचा असेल तर प्रत्येक खाच १.७७ मिमीपेक्षा उथळ हवी, नाहीतर रॉड दाबला जायच्या आधी जबड्यांची तोंडेच एकमेकांना भिडतात. दुसरीकडे ४ मिमीचा रॉड खाचेच्या उतारावर टेकायचा तर खाच किमान १.४१ मिमी खोल हवी. कमी असेल तर रॉड खाचेच्या काठावर बसतो आणि काठ लवकर झिजतो. म्हणून १.५ मिमी ठेवा. झिजायला पाव मिमी जागा मिळते. ५ मिमीचा रॉड या खाचेत नीट बसणार नाही. तो बसवायचा मोह धरलात तर २.५ चा सुटेल. सगळे रॉड धरणारा एकच होल्डर म्हणून जो विकला जातो, तो कोणता तरी एक रॉड वाईट धरतोच. खाचा रॉड काटकोनात आणि तिरका, दोन्ही प्रकारे धरता येईल अशा काढा. कोपऱ्यातल्या आणि डोक्यावरच्या कामाला तिरकी खाच लागते.

स्प्रिंग ही होल्डरची सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. प्रवाह खालच्या स्थिर जबड्यातूनच जायला हवा, वरच्याचे काम फक्त दाबण्याचे. स्प्रिंगच्या एका टोकाला फायबरचा वायसर किंवा टोपी नसेल तर थोडा प्रवाह स्प्रिंगमधून वाहतो, ती तापते, नरम पडते, दाब कमी होतो, दाब कमी झाला की सांध्याचा रोध वाढतो आणि होल्डर आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झाले की होल्डर महिनाभरही टिकत नाही. साध्या पियानो वायरची स्प्रिंग १२० अंशांच्या पुढे वापरू नये. ३०२ जातीची स्टेनलेस स्प्रिंग २५० च्या आसपासपर्यंत चालते आणि किमतीत फरक फार पडत नाही. वरच्या जबड्यालाही वहनात घ्यायचे ठरवले असेल तर दोघांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी द्या, बिजागरीच्या पिनेवर भरवसा ठेवू नका. पिन झिजणारच.

मुठीला काच-तंतू मिसळलेले नायलॉन चांगले. बेकलाइट उष्णतेला नरम पडत नाही, पण वरून पडला की तडकतो, आणि तडकलेला होल्डर चिकटपट्टी गुंडाळून वापरात राहतो, हा आपल्याकडचा रिवाज लक्षात घेऊन ठरवा. पीव्हीसी नको, ८० अंशांच्या आसपासच मऊ होते. मूठ आणि आतले पितळ यांच्यात हवेची पोकळी आणि टेकायला फक्त फासळ्या ठेवा. वर सांगितलेल्या मानकात मुठीच्या बाहेरच्या पृष्ठभागाची तापमानवाढ ४० अंशांच्या आत ठेवायची अट आहे. आणि मूठ अडकवणारा स्क्रू: त्याचे डोके खोल बुडालेले ठेवा. आतल्या पितळात घुसलेला हा स्क्रू जिवंत, म्हणजे वीज असलेला, असतो. त्यावर नुसते रबराचे बूच ठोकून देणारे बरेच जण आहेत. बूच पडते, आणि मग घामेजलेला तळहात थेट त्याच्यावर येतो.

गाळप चालू असताना मिलच्या रोलरवर आर्किंग (उसावर पकड यावी म्हणून पृष्ठभागावर वेल्डिंगचे थेंब चढवणे) करावे लागते. सगळीकडे पाणी आणि रस. होल्डर तापला की कामगार बादलीत बुडवतात. हे चालेल का? (साखर कारखाना, अभियांत्रिकी विभाग)

बुडवणे ताबडतोब बंद करा. पाणी मुठीच्या आत शिरते, केबलच्या तारांमध्ये केशाकर्षणाने वर चढते आणि सांधा आतून काळा पडतो. तडकलेल्या मुठीतून तेच पाणी विजेला हातापर्यंत वाट करून देते. गरम इन्सुलेशनला गार पाण्याने तडे जातात ते वेगळेच. एक होल्डर पुरत नसेल तर दोन ठेवा, एक गार होईपर्यंत दुसरा वापरा.

तुमच्याकडे पाण्यापेक्षा रस जास्त वाईट. तो जबड्यावरच्या इन्सुलेशनवर वाळतो, पुढच्या उष्णतेत त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहतो. वरून शाबूत दिसणारा होल्डर असा पृष्ठभागावरून जिवंत होतो. पाळी संपली की होल्डर पूर्ण गार करून, मशीनपासून सोडवून, ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडा करा. काळी रेघ पुसून जात नसेल तर इन्सुलेटर बदला.

जबडे उघडे असलेला अर्धवट झाकलेला होल्डर अशा जागी नकोच. त्याहून महत्त्वाचे मशीन. साध्या ट्रान्सफॉर्मरवर ठिणगी नसताना होल्डरला ८० व्होल्टपर्यंत एसी असू शकतो. ओल्या, अडचणीच्या जागी वेल्डिंग मशीनचे मानक एसीसाठी ४८ व्होल्टची मर्यादा घालते. डीसी मशीन घ्या, तेही काम थांबताच व्होल्टेज उतरवणाऱ्या यंत्रणेचे. हातमोजे कोरडे हवेत, बदली जोडी जवळ हवी. रॉड लावलेला होल्डर काखेत धरायचा नाही, केबल खांद्यावर किंवा कमरेला गुंडाळायची नाही.

मुंडके पिळून रॉड धरणारे होल्डर चिमट्याच्या होल्डरपेक्षा चांगले का? (जहाज दुरुस्ती, रत्नागिरी)

अरुंद जागेसाठी चांगले. पूर्ण झाकलेले असतात, पोलादाला चुकून टेकले तरी ठिणगी पडत नाही, डोके लहान असते. पण रॉड बदलायला वेळ लागतो, रॉडचा कोन ठरलेला राहतो, आणि आट्यांमध्ये ठिणग्यांचे गोळे व मसाला अडकला की मुंडके फिरेनासे होते. मग लोक ते हातोडीने ठोकतात. रोज तारेच्या ब्रशने आटे साफ करणार असाल तरच घ्या.

हात दुखतो म्हणून बदलत असाल तर आधी केबल पाहा. ५० चौरस मिमीच्या केबलमध्ये मीटरला जवळजवळ ४५० ग्रॅम नुसते तांबे असते, वर रबर वेगळे. शेवटचे तीन मीटर कनेक्टर लावून ३५ च्या मऊ केबलचे करा, प्रवाह तेवढ्यात बसत असेल तर. मनगटाला फरक लगेच जाणवेल.

साध्या होल्डरमध्ये कार्बन रॉड धरून गॉजिंग (पोलाद वितळवून खाच कोरणे) करता येईल का? (जालना)

नाही. गॉजिंगमध्ये वितळलेले पोलाद हवेच्या झोताने उडवावे लागते. त्याच्या टॉर्चला कार्बनच्या मागे हवेची भोके आणि मुठीत व्हॉल्व्ह असतो, आणि साडेपाच ते सात बार दाबाची हवा लागते. साध्या होल्डरने पोलाद वितळेल, पण तिथेच साचून पुन्हा गोठेल आणि त्यात कार्बन मिसळून तो भाग कडक होईल. शिवाय साडेसहा मिमीच्या कार्बनलाही २०० अँपिअरच्या पुढचा प्रवाह सलग लागतो. तुमचा होल्डर पहिल्याच पट्ट्यात जाईल.