शेतात डिटेक्टरने सापडलेलं सोनं आणि जुनी नाणी खरी की खोटी, घरच्या घरी कसं ओळखायचं?

शुद्धतेचा शिक्का, म्हणजे हॉलमार्क, शोधून नाही, एवढं आधी सांगतो. आमच्या काकांनी तेच केलं होतं.

मी चौथीत असताना आजीची एक पाटली हरवली. काकांनी सरळ आईचं नाव घेतलं, "माहेरी पोचली असणार." आई काही बोलली नाही, पण त्यानंतर परसातल्या मोरीवर ती एकटी कधी थांबली नाही. दोन वर्षांपूर्वी मित्राचा डिटेक्टर आणून मी तिथे फिरवला. गोळ्यांची पन्नी आणि सोनं मशीनला जवळपास सारखंच वाजतं, त्यामुळे दिवसभर पन्न्याच उकरल्या. संध्याकाळी सांडपाण्याच्या जुन्या वाटेवर वीतभर खाली पाटली निघाली. चेपलेली, पण चिखल धुतल्यावर पिवळीधमक. शेवटी शेवटी आजीचे हात पार वाळले होते, भांडी घासताना निसटली असणार.

काका म्हणाले, "पितळ आहे. शिक्का कुठाय?" अहो, हॉलमार्क 2000 साली आला!

मग सगळ्यांना बसवून वजन केलं. कोरडी 14.20 ग्रॅम. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून शून्य केला, पाटली दोऱ्याने बुडवून तळाला न टेकवता धरली, काटा 0.80. भागाकार 17.75, म्हणजे पाण्याच्या तितकी पट जड. बावीस कॅरेट तेवढंच येतं, पितळ साडेआठच्या आसपास. पोकळ, लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या दागिन्याला हे चालत नाही, तिथे सोनाराची कसोटीच.

नाण्यांचं म्हणाल तर, तांब्याच्या नाण्यावर एकीकडे 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' असेल तर शिवराई. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅम, त्यावर 1876 पर्यंत 'क्वीन', पुढे 'एम्प्रेस'. चुंबकाला चिकटला तर बनावट. चिंच-मीठ लावून घासू नका, काकांनी एक शिवराई अशीच गुळगुळीत केली आहे.

आणि हो, पाटली घरचीच होती म्हणून आम्ही गप्प बसलो. तुमचं तसं नसेल तर 1878 च्या कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. गडकिल्ल्यांवर तर मशीन नेऊच नका.

काका आता म्हणतात, "मग तिनंच पुरली असेल."