लंडनच्या फर्मला कोल्हापूरचं काय सांगायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या चौथ्या वर्षाला आहे. मला इंग्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे सल्ला आणि करार-कागदपत्रांचं काम करणारा वकील, व्हायचंय. मागच्या सीझनला लंडनच्या बऱ्याच फर्म्सना ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी (सॉलिसिटर व्हायच्या आधीची दोन वर्षांची पगारी उमेदवारी) ऑनलाइन फॉर्म भरले, सगळीकडून रिजेक्ट. इंटर्नशिप म्हणाल तर एक इथल्या सिव्हिल वकिलांकडं आणि एक साखर कारखान्याच्या लीगल डिपार्टमेंटला. मित्र म्हणतात कारखान्याचं लिहू नको, गावठी वाटतं. माझं एक उत्तर सोबत जोडलंय, बघाल का? – राजारामपुरीतला एक विद्यार्थी

उत्तर : बघितलं रे. 'लहानपणापासून मला न्यायाची ओढ आहे आणि आपली जागतिक दर्जाची फर्म माझ्या स्वप्नांना योग्य व्यासपीठ देईल'. आता यातलं फर्मचं नाव झाक आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या फर्मचं टाक, काही फरक पडतो का? नाही पडत, आणि तिथं फॉर्म वाचणारी माणसं पहिल्यांदा हेच बघतात, कारण त्यांच्याकडं असली गुळगुळीत उत्तरं ढिगानं येतात, त्यात आता बरीच चॅटजीपीटीनं लिहिलेली.

आणि कारखान्याचं लिहू नको म्हणणाऱ्या मित्राला माझ्याकडं पाठव.

तू पत्रात खाली एका ओळीत लिहिलंयस की तिथं एफआरपीच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान भावाच्या, थकबाकीच्या नोटिशींना उत्तरं तयार करायला मदत केली आणि बँकेच्या तारण कर्जाची फाईल लावली. अरे हाच तुझा अर्ज आहे! ऊस घातला की १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. पण साखर विकली जाणार वर्षभर, मग कारखाना पैसे आणणार कुठनं, तर गोदामातली साखर बँकेकडं तारण ठेवून. म्हणजे एका बाजूला कायद्यानं बांधलेली देणी, दुसऱ्या बाजूला मालावर बँकेचा हक्क, आणि मध्ये साखरेचा भाव पडला तर आधी कुणाचे पैसे ही मारामारी. लंडनच्या मोठ्या फर्मचं बँकिंग डिपार्टमेंट दिवसभर हेच करतं, माल वेगळा आणि आकड्यावर शून्यं जास्त एवढंच. त्यांच्या फॉर्मवर कमर्शियल अवेअरनेस म्हणून जे विचारतात ते याच्यापेक्षा वेगळं काही नसतं, धंद्यात पैसा कुठनं येतो, कुठं अडकतो आणि वकील तिथं नेमका काय कामाचा. हे तुला डोळ्यांनी बघायला मिळालंय, पुस्तकात वाचून लिहिणाऱ्या पोराला नाही. फक्त त्या फाईलमधली नावं आणि आकडे लिहायचे नाहीत हां, गोपनीयता पाळता येत नाही असं दिसलं की तिथंच विषय संपला.

अजून एक तयार उदाहरण तुझ्या गावातच आहे, आपलं चप्पल. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी सँडल दाखवली, इथं केवढा गदारोळ झाला तुला माहितीये. २०१९ चं जीआय (भौगोलिक मानांकन) असूनसुद्धा मुंबई हायकोर्टानं जुलैमध्ये जनहित याचिका फेटाळली, का, तर ज्यांच्या नावावर जीआयची नोंदणी आहे त्यांनी यावं, तुम्ही कोण. फर्मला आयपीचं (बौद्धिक संपदेचं) काम असेल तर यावर विचार करून जा. इटलीत विकल्या जाणाऱ्या वस्तूला भारतातली नोंदणी कितपत लागू पडते, चर्मकार कारागिरानं कोर्टात जावं की करार करावा, तू त्याचा वकील असतास तर काय सांगितलं असतंस. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच लिहिलंस तर ते भाषण झालं.

आता वेळापत्रक. मोठ्या फर्म्स साधारण दोन वर्षं आधी माणसं घेतात, कायद्याच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या आधीच्या वर्षाला, म्हणजे तू बरोबर वेळेवर आहेस. बऱ्याच जागा थेट फॉर्मवर न भरता व्हेकेशन स्कीममधनं, म्हणजे सुट्टीतल्या इंटर्नशिपमधनं भरतात, त्यात एक ते चार आठवडे तुला ऑफिसात बसवून बघतात, आणि या स्कीमचे फॉर्म बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. आपल्याकडं तेव्हा सेमिस्टरची परीक्षा असते म्हणून पोरं राहू दे म्हणतात आणि मग जूनमध्ये उरलेल्या जागांवर पळतात. फॉर्मनंतर वॉटसन ग्लेझर नावाची टेस्ट बऱ्याच ठिकाणी असते, त्यात कायदा नसतो, दिलेल्या माहितीवरनं काय सिद्ध होतं आणि काय नाही एवढंच. स्वतःचं ज्ञान मध्ये घातलंस की उत्तर चुकलं. सरावानं जमते. मग व्हिडिओ इंटरव्ह्यू, मग असेसमेंट सेंटर, म्हणजे बोलावून घेऊन कामं देऊन आणि मुलाखत घेऊन पारखणं. फॉर्म कमी भर, सात-आठ बास, पण प्रत्येक फर्मचं एखादं काम नीट वाचून भर.

आणि हे नीट ऐक, ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हा आता एकच रस्ता राहिलेला नाही. सप्टेंबर २०२१ पासून तिथं एसक्यूई आलीये, सॉलिसिटर व्हायची दोन भागांची परीक्षा. एसक्यूई १ मध्ये ३६० एमसीक्यू, एसक्यूई २ मध्ये १६ प्रात्यक्षिक कामं, त्यातली चार तोंडी. पहिली परीक्षा इंग्लंडबाहेरच्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा सेंटरवरही देता येते, तोंडीला मात्र तिकडं जावंच लागतं. सहा वर्षांत तीन अटेम्प्ट, आणि पहिल्या भागात साधारण निम्मेच पास होतात, त्यामुळं हलक्यात घेऊ नको. सोबत दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो जास्तीत जास्त चार ठिकाणचा मिळून चालतो, लॉ क्लिनिकमधला (मोफत सल्ला केंद्रातला) आणि भारतातलासुद्धा, फक्त त्यावर इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरनं तुझं काम बघून सही द्यावी लागते. तुझ्या सिव्हिल वकीलसाहेबांची सही तिथं चालणार नाही. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालंच तर हाच अनुभव पगार घेऊन होतो, सहा-सहा महिन्यांच्या चार सीट्स, म्हणजे चार वेगवेगळ्या जागी काम, आणि मोठ्या फर्म्स परीक्षेची फीसुद्धा भरतात, म्हणून तर त्याच्यावर एवढ्या उड्या.

प्रश्न : मॅडम, इचलकरंजीत माझे यंत्रमाग आहेत. मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. एका कन्सल्टन्सीवाल्यानं सांगितलंय की इंग्लंडला एलएलएम करा, ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट आम्ही लावून देतो, गॅरंटी. घर तारण ठेवून कर्ज काढायच्या बेतात आहे. काय करू? – एक पालक

उत्तर : भाऊ, आधी कशावरही सही करू नका. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणजे नोकरी. फर्म निवडते, फर्म पगार देते. ते मधला माणूस 'लावून' देऊच शकत नाही, आणि त्यासाठी पैसे मागतोय म्हणजे तिथनं उठायचं. गॅरंटी लेटरहेडवर लिहून द्या म्हणा, बघा काय तोंड करतोय ते.

एलएलएम ही वर्षभराची पदवी आहे, चांगली आहे, पण तिनं कुणी सॉलिसिटर होत नाही. त्यानंतर एसक्यूई आहेच, दोन्ही भागांची फी मिळून ४,७०० पौंडांच्या पुढं, म्हणजे आपले पाच लाखांच्या वर, क्लासचे वेगळे. शिक्षणानंतर तिथं राहायचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्तापर्यंत दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षाचा मिळणार. पुढं नोकरीच्या व्हिसाला स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणूस नोकरीवर घ्यायचा सरकारी परवाना) असलेली फर्म लागते आणि पगाराची किमान अटही असते, गावातल्या छोट्या फर्म्स तिथंच अडकतात. हे सगळं त्या माणसानं सांगितलं का तुम्हाला?

स्वस्तातला रस्ता आहे. मुलीला इथं सनद घेऊ द्या, बार कौन्सिलची परीक्षा पास होऊ द्या. परदेशात रीतसर वकील झालेल्याला एसक्यूई देताना ती दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही. म्हणजे इथं कमवत कमवत पहिला भाग द्यायचा, जमतोय असं दिसलं तर पुढचा खर्च करायचा. घर कशाला गहाण टाकताय. आणि हे सगळं तिला विचारलंय ना? तुमच्या पत्रात तिचं म्हणणं काय ते एका शब्दानं नाही.

प्रश्न : मुंबईत सॉलिसिटर होता येतं का अजून? घरचे म्हणतात ते इंग्रजांबरोबर गेलं. – एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : होता येतं. कायद्यानं वेगळा अ‍ॅटर्नी (म्हणजे सॉलिसिटर) वर्ग १९७७ च्या सुरुवातीला संपला, पण बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी अजून सॉलिसिटरची परीक्षा घेते. त्यासाठी सॉलिसिटरकडं तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. परीक्षा अवघड आहे, कन्व्हेयन्सिंगमध्ये (मालमत्तेचे दस्त करायच्या विषयात) भलेभले लटकतात. पण मालमत्तेच्या आणि कंपन्यांच्या कामात मुंबईत त्याला अजून मान आहे. स्टायपेंडवर मुंबईत राहायचं भागत नाही हे घरी आधीच सांगून ठेव. आणि कोर्टातच उभं राहायचं असेल तर एवढ्या लांब जायची गरज उरलेली नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, सहा जिल्ह्यांचं काम आहे, तिथल्या सीनिअर्सना ज्युनिअर हवेच आहेत. एक सुट्टी मुंबईच्या फर्ममध्ये काढ, एक या बेंचच्या वकिलाकडं. इंटर्नशिप एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर धरत नाहीत, त्यामुळं दोन्हीच्या तारखा आधीच कॉलेजला लेखी देऊन ठेव.